डोंगराची जबाबदारी

आमचे साडू सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात घाटरस्त्यांवर गेली. दरड कोसळली, मोरी वाहून गेली, कठडा दरीत गेला की चौकशी लागायची आणि साडूंच्या अहवालात जबाबदारी दरवेळी एकाच ठिकाणी निश्चित व्हायची: भौगोलिक परिस्थिती. तिला निलंबित करता येत नाही, तिची वेतनवाढ रोखता येत नाही आणि ती उलट जबाब देत नाही.

निवृत्तीनंतर ते गोल्फ शिकले. पुण्याच्या सपाट मैदानावर चेंडू झाडीत घुसला की बघणारे झाडीकडे न बघता साडूंकडे बघत. दोष द्यावा असं आसपास दुसरं काही नव्हतंच. तेव्हा साडूंनी ठरवलं, खेळायचं ते डोंगरात. आणि तेही ग्रीन फी भरून कुणालाही खेळता येईल अशाच कोर्सवर. सभासदांच्या क्लबात तीच ती माणसं रोज भेटतात आणि मेल्यांची स्मरणशक्ती दांडगी असते.

मग तुलनात्मक तक्ता तयार झाला. रकाने असे: उंची, उतार, झाडी, वारा, ढग, माकडं. प्रत्येकाला दहापैकी गुण.

गुलमर्ग पहिल्या दिवसापासून आघाडीवर. समुद्रसपाटीपासून साधारण 2,650 मीटर. तिथल्या विरळ हवेत चेंडू सुमारे दहा टक्के लांब जातो. "म्हणजे चेंडू ग्रीन ओलांडून गेला, तर हवा," साडू म्हणाले.

"आणि अलीकडेच पडला तर?"

"चढ." माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली.

पुतण्या एडिंबऱ्यात असल्यामुळे तिथल्या ब्रेड हिल्सचाही विचार झाला. 1889 पासून चालू असलेला सार्वजनिक कोर्स, टेकडीवर काटेरी गॉर्सची झुडपं, समुद्रावरून येणारा झोंबरा वारा. वाऱ्याला पैकीच्या पैकी पडले. पण उंची निघाली जेमतेम 200 मीटर. "अहो, आपलं पुणं 560 मीटरवर! तिथे जाऊन विरळ हवेचं कुणाला सांगू?" एडिंबरा बाद झालं.

मधे एक भानगड झाली. कोर्सच्या माहितीत 'स्लोप रेटिंग' असतं. साडूंनी तो आकडा घाटाच्या चढासारखा वाचला आणि दोन दिवस वहीत गणितं मांडली. त्या आकड्याचा जमिनीच्या उताराशी काही संबंध नसतो. पट्टीच्या खेळाडूच्या मानाने साधारण खेळाडूला कोर्स किती जड जाईल, ते त्यावरून कळतं. तो 55 ते 155 च्या दरम्यान असतो आणि 113 प्रमाण धरतात. हे कळल्यावर दुसरा कुणी खजील झाला असता. साडू खूश! कोर्स आपल्याला जड जाणार, हे आता अधिकृत आकड्यानिशी सिद्ध करता येणार होतं.

अखेर प्रवासाच्या सोयीमुळे बाजी मारली सिमल्याजवळच्या नालदेहऱ्याने. उंची 2,000 मीटरच्या वर, देवदारांची दाटी, आणि माकडांना दहापैकी दहा. ही जागा लॉर्ड कर्झनला इतकी आवडली, की त्याने 1904 साली जन्मलेल्या धाकट्या मुलीचं नाव अलेक्झांड्रा नाल्डेरा ठेवलं. हे ऐकून मेहुणीने देवाचे आभार मानले. यांना गोल्फ उतारवयात सुचला म्हणून बरं, नाहीतर पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर गुलमर्ग लागलं असतं.

नालदेहऱ्याला मी सोबतीला होतो. पहिला फटका देवदारावर आपटला: झाडी. दुसरा उतारावरून गडगडत दिसेनासा झाला: उतार. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात; साडूंची तीन मिनिटं गुडघे सांभाळत खाली उतरण्यातच संपली. ग्रीन डोळ्याला सपाट दिसत होतं, पण चेंडू डोंगराकडे पाठ करून वळला. "पहाड़ से दूर ही जाएगा, साब," कॅडी म्हणाला. साडूंनी त्याची पाठ थोपटली. इतका समजूतदार साक्षीदार त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

मग पुढच्या एका होलवर अघटित घडलं. साडूंनी मारलेला चेंडू नेहमीप्रमाणे भलतीकडे, उजव्या चढावर गेला. तिथल्या गवतावर आपटून मागे फिरला, घरंगळत ग्रीनवर आला आणि झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. साडूंनी टोपी काढली. केसांवरून हात फिरवला. कुणीतरी फोटो काढावा म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"साब," कॅडी आनंदाने म्हणाला, "पहाड़ ने बचा लिया!"

"पहाड का इसमें क्या संबंध?" साडू कडाडले. "मेरा मनगट देखा क्या तू?"

कॅडीने ते मनगट कुठे पडलंय म्हणून गवतात पाहिलं.

उरलेले होल त्या दोघांत अबोला होता. परतीच्या वाटेवर, कालक्याच्या छोट्या गाडीत साडूंनी मांडीवर तक्ता पसरला आणि नालदेहऱ्याचे गुण निम्म्यावर आणले. शेवटी पट्टीने एक नवा रकाना आखला आणि त्यात ठळक अक्षरांत शेरा मारला: 'कॅडी स्थानिक. डोंगराच्या बाजूने साक्ष देतो.'