ओलाव्याची कटती

आमच्या जळगावच्या गल्लीतल्या आप्पांनी आजवर एकाही गोष्टीला निखळ चांगलं म्हटलेलं नाही. निखळ वाईटही म्हटलेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते प्रत ठरवतात. उभी नोकरी कापसाचे ग्रेडर म्हणून झाली, तीही एकाधिकार खरेदीच्या काळात. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत शेतकऱ्यानं कापूस खरेदी केंद्राच्याच दारात आणायचा, आणि त्या दारात आप्पा उभे. बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. आप्पा गाडीत कोपरापर्यंत हात घालणार, तळातून मूठभर कापूस उपसणार, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढून बघणार, वाळक्या पानांची पत्ती किती, खराब कापसाची कवडी किती ते निवडणार आणि शेवटी मूठ आवळून डोळे मिटणार. हे ओलाव्यासाठी. आठ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे कटती, बाराच्या वर गाडी परत. वजन वाढावं म्हणून रात्री कापसावर पाणी मारून आणणारे बहाद्दर आप्पांपुढे आले की आपण होऊनच गाडी वळवत, असं आप्पा सांगतात.

नोकरी संपली, पण हात अजून गाडीतच आहे. लग्नाच्या पंगतीत वरणबट्टी एफएक्यू ठरते, म्हणजे सर्वसाधारण बरी. घोटलेल्या वांग्याच्या भाजीला तर्री झकास असते, पण बट्टी आतून ओली निघते. मुलासाठी स्थळ बघायला गेले तेव्हा बाहेर पडताना म्हणाले, "मुलगी एफएक्यू आहे." मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "नाही हो, बीकॉम झालीय." जळगावचं सोनं चोख, पण दूध धुळ्याचं. धुळ्याचं दूध चोख, पण पाणी... तिथं ते थांबतात, कारण थोरले भाऊ, नाना, धुळ्याला राहतात आणि नानांना सगळं कळतं. आप्पांचाही जन्म धुळ्याचाच. आमच्याशी ते पुस्तकातलं मराठी बोलतात, नानांशी अहिराणी. आतून काही हललं की समोर कोणीही असो, अहिराणीच येते, हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

अशा माणसाला कार्टूनचा सिनेमा दाखवायचा म्हणजे धाडसच. पण ते आप्पांच्या पुण्याच्या नातवानं केलं, तेही आखाजीच्या दिवशी.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरत्र ती सोनं घेण्याचा मुहूर्त असेल, खान्देशात ती पितरांची. मातीची घागर भरायची, वर डांगर ठेवायचं (पुण्यात त्याला खरबूज म्हणतात आणि महाग विकतात), पुरणपोळी-आमरसाचं ताट करायचं आणि गेलेल्यांची नावं घेत निखाऱ्यावर आगारी टाकायची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि पुरुषमंडळी पत्त्यांचा डाव मांडून बसतात, त्यात देवधर्म किती ते विचारू नये. त्या वर्षी नानांचं सगळं घर धुळ्याहून आलं होतं. आम्हीही जेवायला होतो. दुपारी आगारी झाली. नावं घेतली गेली: आजोबा, आजी, मोठे काका, आत्या. एक नाव नेहमीप्रमाणे वगळलं गेलं. आप्पांचे धाकटे काका ढोलकी वाजवत. एका फडाबरोबर जे गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं नाव त्या घरात नापास प्रतीचं.

रात्री नातवानं ‘कोको’ लावला. २०१७ चा, पिक्सारचा, दिग्दर्शक ली अंक्रिच, दोन ऑस्कर, ही माहिती त्यानं आधीच सांगून टाकली. आप्पा म्हणाले, "ऑस्करचं राहू दे. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आहे का? ‘श्यामची आई’ला होतं." त्यांच्या मते सिनेमा बघून रडण्याची सरकारी परवानगी तेवढ्या एकाच चित्रपटाला आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे ते रडणं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात राहतं.

मेक्सिकोतलं चपला-बूट शिवणारं एक कुटुंब. पणजीचा बाप गाणंबजावणं करायला घर सोडून गेला, तेव्हापासून घरात संगीताला बंदी. फोटोतूनसुद्धा त्याचं डोकं फाडून टाकलेलं. आणि बारा वर्षांच्या मिगेलला नेमकं गाणंच हवं. मृतांच्या सणाच्या रात्री तो पितरांच्या गावी जाऊन पडतो.

आप्पांनी पहिल्या पाच मिनिटांत हात गाडीत घातला. "पितर नाचतस का कधी? आपले पितर कावळा होऊन येतात, घास घेतात, निघून जातात. सांगाड्यांचा ऑर्केस्ट्रा कशाला?" पुढे पितरांना झेंडूच्या पाकळ्यांच्या पुलावरून घरी यायचं असतं आणि पुलाच्या तोंडाशी चौकी. घरच्यांनी ज्याचा फोटो मांडलाय त्यालाच सोडणार. आप्पा कळवळले, "मेल्यावरही कागदपत्रं!" झेंडू मुळात मेक्सिकोचाच, तिकडूनच आपल्याकडे आला, असं नातवानं सांगितलं तेव्हा ते खवळलेच. "मग आधी दसऱ्याला काय वाहायचे, गुलाबजाम? आता डांगरही त्यांचंच म्हण." केस नसलेला कुत्रा दिसला तेव्हा एकच शब्द आला: "कवडी."

एका पात्राला मात्र पूर्ण मार्क मिळाले. मिगेलची आजी कोणी गिटार काढली की पायातली चप्पल उपसते. आप्पा पुढे सरकून बसले. "ही बाई सुपर." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आम्हाला लग्नापासून एफएक्यूच्या वर सरकू दिलं नाही, आणि ही एका चपलेत सुपर!" आप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग तो फाटका फोटो आला. ज्याला घरानं टाकलं तो खरं तर घरीच परतायला निघाला होता, हे उलगडलं, तेव्हा नानांनी खाकरून घेतलं. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघण्याचा कसून प्रयत्न करत होते, त्यामुळे सगळ्यांना तेच दिसलं. शेवटी मिगेल त्या विसराळू झालेल्या, खुर्चीत मिटून गेलेल्या पणजीसमोर बसून तिच्या बापाचं गाणं म्हणतो. म्हातारीचे ओठ हलतात. आप्पा उठले आणि पाणी प्यायला गेले. परतले तेव्हा डोळे लाल. नातवानं विचारलं, "आप्पा, रडलात?"

"माले कसानं रडू येस? आगारीना धूर शे तो."

आगारी दुपारी झाली होती. निखारेसुद्धा केव्हाच राख झाले होते. नातू काही म्हणाला नाही, पोरगा शहाणा.

निकाल सकाळी चहावर लागला. "धागा लांब आहे, रंग पांढराशुभ्र, पण ओलावा बाराच्या वर. गाडी परत." नुसतं एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले. त्यांना आणखी कटती हवी होती आणि ती नातवानंच पुरवली. हा सिनेमा बनत असताना, २०१३ मध्ये, पिक्सारची मालक असलेल्या डिस्ने कंपनीनं त्या मेक्सिकन सणाचं नावच आपल्या मालकीचं करून घेण्यासाठी अर्ज केला होता. लोक भडकले, अर्ज मागे घ्यावा लागला. लालो अल्काराज नावाच्या व्यंगचित्रकारानं तर कंपनीच्या उंदराचा राक्षसी सांगाडा काढून खिल्ली उडवली. पुढे कंपनीनं त्यालाच या चित्रपटाचा सल्लागार नेमलं. आप्पा इतके खूश मी क्वचित पाहिलेत. "बघा! उद्या आखाजी त्यांच्या नावावर, आणि आपण डांगर फोडायला पावती फाडायची! पण माणसं हुशार. जो गाडी अडवतो त्यालाच ग्रेडर करून टाकतात." तरी मेक्सिकोत त्या वेळी ‘कोको’नं कमाईचे विक्रम मोडले, हेही नातवानं सांगितलं. म्हणजे तिकडच्यांनीही आधी भांडून घेतलं आणि मग रांगेत उभं राहून तिकिटं काढली. हे आप्पांना पटलं. लग्नाला असंच जायचं असतं.

माझं मत विचाराल तर आप्पांचा ओलाव्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. रडवायचं म्हणून रचलेला प्रसंग जाणवतो. कुठं मूठ आवळायची हे त्या कारागिरांना नको इतकं ठाऊक आहे. पण आप्पांची तक्रार कारागिरीबद्दल नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात आप्पा एसटीनं धुळ्याला गेले. पारोळा मार्गे, खिडकीपाशी, कोणालाही कारण न सांगता. नानांकडच्या लोखंडी पेटीत एक जुना गटफोटो होता. त्यात धाकटे काका अगदी कडेला, अर्धा चेहरा चौकटीबाहेर. आप्पांनी तो फोटो धुळ्यातच एका स्टुडिओत दिला. पोरानं संगणकावर उरलेला अर्धा चेहरा तयार केला, तेव्हा आप्पा त्याच्या खांद्यावरून वाकून कटती सांगत राहिले: नाक एफएक्यू, भुवई फार शहरी, कान आमच्या घराण्याचाच नाही. पोरानं तीनदा कान बदलला. शेवटी आप्पांनी स्वतःचा कान पुढे केला, "हा टाक."

फोटो जळगावच्या भिंतीवर लागला. इतर पूर्वजांच्या रांगेत नाही, हातभर खाली, कॅलेंडरशेजारी. एवढी कटती ठेवावीच लागली. काकूंनी दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून तो वर सरकवला. आप्पांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आता ही गोष्ट नानांच्या कानावर गेली. ज्या माणसाचं नाव दोघांनी उभ्या आयुष्यात घेतलं नाही त्याच्यावरून भावांची फोनवर जुंपली. नानांचा आवाज अंगणात ऐकू येत होता: "काकाना फोटो तुनाकडे कसाले? तो धुयाना माणूस व्हता!" आप्पांचं म्हणणं, खर्च त्यांचा, कानही त्यांचा. तोडगा काढला स्टुडिओवाल्यानंच. त्यानं दुसरी प्रत काढून नानांकडे पोचवली.

परवा आप्पा भेटले ते तणतणतच. धुळ्याला जाऊन त्यांनी नानांची प्रत पाहिली होती.

"कागद तोच, पैसे तेच," ते म्हणाले. "पण त्यांचा काका माझ्या काकापेक्षा उजळ आलाय."