हरकत घ्यायला हरकत नाही

आमच्या मुळशीतल्या नांदे गावात रेल्वे कधीच आली नाही, त्यामुळे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचं काय करायचं हा प्रश्न गावाला पडत नाही. पण साडूभाऊ दर्यापूरचे. गेल्या आठवड्यात मुक्कामी आले आणि जेवताना म्हणाले, "आमच्या शकुंतलेच्या रुळावर बाभळी आल्या ना बाप्पा. आता काय करा लागते?"

मी हात धुतले आणि कपाटातून फाइल काढली. मुळशीचा माणूस रुळांत अडाणी असेल, हरकतींत नाही. 2021 साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे पीएमआरडीएचा, प्रारूप विकास आराखडा आला, त्यावर सुमारे 67 हजार हरकती-सूचना पडल्या. त्यातली एक माझी. सुनावण्या झाल्या आणि 2025 मध्ये आराखडाच रद्द झाला. लोकांनी सहभाग घेतला, आराखड्यानं अंग काढून घेतलं.

"तुम्ही लोकसहभागातून नियोजन करा," मी म्हणालो. "पुण्याहून सल्लागार आणा. समाजमंदिरात सतरंजी, भिंतीवर नकाशा, प्रत्येकाच्या हातात रंगीत चिठ्ठ्या. पहिलं चित्र न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं. मालगाडीच्या मोडीत निघालेल्या मार्गावर 2009 मध्ये बाग उघडली, जग बघायला जातं."

"केवढी हाय?"

"सव्वादोन-अडीच किलोमीटर."

"शकुंतला एकशे नव्वद हाय. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर. एवढ्या बागेले पाणी कोण घालते?"

हा मुद्दा मी 'सूचना' या सदरात टिपला. मग पर्याय वाचून दाखवले: हिरवी चिठ्ठी सायकलमार्गाला, पिवळी जॉगिंग ट्रॅकला, निळी वारसा-पदपथाला, गुलाबी सेल्फी पॉइंटला. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी जॉगिंग कोण करणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण पाहुणे सभ्य.

"आन गाडीले कोणती चिठ्ठी?"

"गाडीचा पर्याय नसतो हो. चिठ्ठ्यांचं पाकीट चारच रंगांत येतं."

साडूभाऊ गप्प झाले. मग एकेक काढू लागले. किलिक निक्सनच्या कंपनीनं कापसासाठी टाकलेली लाइन, देश स्वतंत्र झाला तरी मालकी कंपनीचीच. 1921 चं मँचेस्टरचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. तिकीट स्वस्त, म्हणून गरिबाची गाडी. 2016 मध्ये ब्रॉडगेजला दीड हजार कोटींची घोषणा झाली, पेढे वाटले. पुढच्या काही वर्षांत होती ती गाडीही थांबली. "मोठी येणार म्हणून धाकटीले घराबाहेर काढलं," ते म्हणाले. "अन् मोठीचं अजून लगन बी ठरलं नाई."

भावना मी समजू शकतो. पण भावनेला आवक क्रमांक मिळत नाही. मी त्यांना पद्धत सांगितली: अर्ज तीन प्रतींत, सोबत सातबारा, गटाचा नकाशा, मुदतीच्या आदल्या दिवशी जायचं, कारण शेवटच्या दिवशी रांग झेरॉक्सच्या दुकानापर्यंत येते. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का पुसट उठला तर लाजायचं नाही, दुसरा मारून घ्यायचा.

"पोच भेटते, पक्कं?"

मी माझी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे गंजत नाई का?"

"लॅमिनेट केलीय," मी म्हणालो.