कालवण आणि कॅम्बर

गाडीचं हँडलिंग सुधारायचं तर आधी वळण लागतं. परदेशी मासिकांत ते गृहीतच धरलेलं असतं. डोंगर, धुकं, रिकामा रस्ता आणि त्यावर एकच लाल गाडी. मीरा-भाईंदरमध्येही वळणं आहेत, नाही असं नाही. पण आपण तिथं पोचेपर्यंत दोन रिक्षा, एक पाण्याचा टँकर आणि उलट्या दिशेनं येणारे एक सद्‍गृहस्थ आधीच येऊन थांबलेले असतात. काशीमिरा नाक्याकडून गोल्डन नेस्टकडे येणारा रस्ता तसा सरळसोट. पण मेट्रो ९ चे खांब उभे राहत होते त्या वर्षांत त्यावर तिसरा गिअर टाकलेला माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. अशा गावात राहून माझ्या भाच्याला शोध लागला, की आपली गाडी वळणावर झुकते.

“झुकू दे की,” त्याची मामी म्हणाली. “तुमच्या घराण्यात कुणीतरी झुकायला हवंच.”

भाचा शांती नगरला, आमच्यापासून दोन सेक्टर सोडून राहतो. नोकरी आयटीतली, म्हणजे गाडी महिन्यातून पंचवीस दिवस बिल्डिंगखाली उभी. उभ्या गाडीविषयी माणसाला जितकं सुचतं तितकं चालत्या गाडीविषयी सुचत नाही. प्रथम चाकं बदलायची ठरली. माझ्या पिढीचा शब्द मॅगव्हील, त्याच्या पिढीचा अलॉय. माझा उच्चारला की भाचा दुःखी होतो.

टायरवर जे आकडे असतात ते वाचायला मला आवडतं. त्याच्या गाडीला कंपनीनं दिलेले टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. त्याला हवे होते २०५/४५ आर १७. मी दुधाच्या बिलामागं हिशेब मांडला. जुन्या चाकाचा एकूण व्यास ६२१ मिलिमीटरच्या वर, नव्याचा ६१६. फरक पाच मिलिमीटरचा. वेगाचा काटा एक टक्कासुद्धा चुकणार नाही. इथवर दुकानदार खरं बोलत होता. मात्र जुनी भिंत १२० मिलिमीटरची होती, नवी ९२ ची. मधले २८ मिलिमीटर म्हणजे हवा होती, आणि गाडीची पहिली स्प्रिंग ती हवाच असते. खालच्या लोखंडी स्प्रिंगांचा नंबर तिच्यानंतर लागतो. भिंत बुटकी आणि ताठ झाली की ती वळणावर पिळवटत नाही, स्टिअरिंग हलवल्याबरोबर गाडी वळते. हा फायदा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण तीच भिंत खड्ड्यात गेली की मधे पडायला कुणी नसतं. खड्डा थेट रिमशी बोलतो आणि रिम तुमच्या मणक्याशी.

“पण मामा, अलॉय हलकं असतं,” भाचा म्हणाला.

यावर वाद घालण्यापेक्षा मी जुनं चाक आणि नवं चाक, दोन्ही टायरसकट, खालच्या रद्दीवाल्याकडे नेली. नवं चाक दीड किलोनं जड भरलं. भाच्यानं काट्यावर शंका घेतली. मी म्हटलं, “अरे, हा काटा आपल्या रद्दीला आयुष्यात कधी जास्त दाखवत नाही. त्यानं जास्त दाखवलं म्हणजे खरं वजन याहूनही वर असणार.” अलॉय हलकं असतं ते त्याच मापाच्या लोखंडी चाकापेक्षा. दोन इंच मोठं, स्वस्तात ओतलेलं आणि वर रुंद टायर चढवलेलं अलॉय हलकं कसं राहणार? शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. स्प्रिंगच्या वरचं वजन, म्हणजे आपण, मामी आणि डिकीतला तांदूळ, हे सगळं स्प्रिंग सांभाळून घेते. खालचं वजन मात्र प्रत्येक उंचवट्यावर उडतं आणि परत रस्त्यावर टेकायला वेळ लावतं. चाक हवेत असेल तेवढा वेळ गाडीचं हँडलिंग देवाच्या हातात.

चाकं बसल्यावर कमानीत मोकळी जागा दिसू लागली. ती कुणाला दिसत होती कोण जाणे, पण तिच्यासाठी गाडी खाली करायची ठरलं. चाळीस मिलिमीटर. काशीमिऱ्याच्या बाजूला हायवेलगतच्या एका दुकानात आखूड, ताठ स्प्रिंगा बसल्या. शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले, कारण बजेट स्प्रिंगांपाशी संपलं. ताठ स्प्रिंगेची उसळी आवरायला तितकाच तगडा शॉकॲब्सॉर्बर लागतो. जुना मिळाला तर गाडी खड्डा ओलांडून गेल्यावरही बराच वेळ त्याची आठवण काढत राहते.

पुढच्या चाकांना होता मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलमधून रस्त्यावर आली आणि मारुती ८०० मधून आपल्या गल्लीत. स्वस्त, आटोपशीर, पण हिची एक खोड आहे. गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली जातो, हे सगळे सांगतात. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू त्याहूनही जास्त खाली सरकतो, हे कुणी सांगत नाही. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलायला उलट जास्त लांबीचा दांडा मिळतो. तरी ती कमी कलते, कारण स्प्रिंगा ताठ असतात. मी हे भाच्याला कागदावर काढून दाखवलं. त्यानं कागद नीट घडी करून खिशात ठेवला. इतक्या आदरानं माझ्याकडे त्या घरात कुणी दुर्लक्ष केलेलं नाही.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं त्यावरून सुखानं जाता येतं. भाच्याच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ चा १२३ झाला होता. कागदावर २३ मिलिमीटर शिल्लक. पण आमच्याकडचे बरेचसे स्पीडब्रेकर इंडियन रोड्स काँग्रेसला न विचारता, निव्वळ श्रद्धेनं घातलेले. सोसायटीच्या गेटावरचा तर रुंदीला हातभर आणि उंचीला सेक्रेटरींच्या रागाएवढा. त्यावरून जाण्याचा विधी ठरला. गाडी थांबायची. मागचे उतरायचे. भाचा गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचा, वॉचमन खाली वाकून “आणू द्या, आणू द्या” म्हणायचा, आणि पलीकडे आम्ही पुन्हा आत बसायचो. मामी दोन वेळा सोसायटीतल्या बायकांशी बोलत तशीच पुढं चालत गेली आणि घरी आमच्याआधी पोचली.

एका रविवारी भाच्यानं हँडलिंग दाखवायला आम्हाला उत्तनला नेलं. भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा असा रस्ता, अधेमधे मिठागरं, आणि डोंगरीकडे थोडी चढ-वळणं. सकाळी लवकर निघालो होतो आणि, खोटं का बोलू, त्या तीन-चार वळणांवर गाडी सुरेख चालली. स्टिअरिंगला हात लावताच नाक वळत होतं, अंग झुकत नव्हतं. फियाट पद्मिनीच्या मागच्या पाट्यांवर माझा जन्म गेला. वळण आलं की आम्ही मागचे चौघं एकमेकांच्या मांडीवर जायचो आणि त्यातून दोन लग्नंही जमली. इथं कुणी कुणावर गेलं नाही. भाचा आरशातून माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली. माझ्या मते त्या आनंदातला मोठा वाटा नुसत्या चांगल्या रबराच्या टायरांचा होता, आणि तो त्याला पंधराच्या रिमवरही मिळाला असता. पण वळणावर असं बोलू नये.

उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत होते. ओळखीच्या एका कोळी घरी मामीला पापलेटाचं कालवण मिळालं, स्टीलच्या डब्यात, काठोकाठ. परतीला तो डबा तिच्या मांडीवर.

वळणावर गाडी सरळ राहिली आणि कालवण कललं.

“बघ,” मामी म्हणाली, “गाडीला कळलं नाही, पण कालवणाला कळलं.” भौतिकशास्त्र याहून सोपं करून मला कुणी सांगितलेलं नाही. अंग झुकलं नाही म्हणून वजन सरकलं नाही असं होत नसतं. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जातो हे वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतलं अंतर ठरवतात; स्प्रिंगचा ताठपणा नव्हे. चाळीस मिलिमीटरनं त्यात फार तर सात-आठ टक्क्यांची घट होते. ताठ स्प्रिंग तुम्हाला झुकल्याची चाहूल देत नाही, एवढंच. मग माणूस निर्धास्तपणे आणखी वेगानं वळतो. कालवण मात्र ताठ स्प्रिंगेला भुलत नाही. पुढं राईच्या अलीकडे एक खड्डा आला, आणि तोवर आडवं कलणारं कालवण उभं उडालं. मामीनं झाकण अंगठ्यानं दाबलं आणि घरी येईपर्यंत सासरच्या एकाही माणसाविषयी बरा शब्द काढला नाही.

घोडबंदरच्या गायमुख घाटातही भाचा एकदा जाऊन आला. तिथं पुढं कंटेनर होता, त्यापुढं कंटेनर होता, आणि हँडलिंग पहिल्या गिअरमध्ये होतं.

मग कुणीतरी त्याला कायद्याची भीती घातली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीनं सांगितल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात ते ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कायद्यातला बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्यानं तिचं मूळ स्वरूप पालटतं. जेवणाच्या टेबलावर यावर खंडपीठ बसलं. चाकं म्हणजे मूळ स्वरूप का? चार चाकं हा एक बदल की चार? भाच्याचं म्हणणं एक. मामीचं म्हणणं, स्टेपनी अजून पंधराचीच आहे, तेव्हा साडेचार.

निकाल पावसाळ्यानं दिला. जुलैत अलाइनमेंटवाल्यानं गाडी वर घेतली आणि आम्हाला खाली बोलावलं. पुढचे टायर बाहेरून नवेकोरे, आतल्या कडेनं पार टकले. गाडी खाली बसवली की चाकांचे माथे आत कलतात, म्हणजे कॅम्बर बदलतो, सोबत चाकांच्या नाकांची दिशा, म्हणजे टोसुद्धा. पुन्हा अलाइनमेंट केलं नाही तर टायरची आतली कड गुपचूप झिजत राहते. एक रिमही वाकली होती. ती कुठल्या खड्ड्यात वाकली हे सांगायला आम्हाला खड्ड्यांना नावं द्यावी लागली असती.

भाच्यानं जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. चाकं विकायला काढली. ती घ्यायला विरारहून एक मुलगा आला, सोबत त्याचे वडील. मुलगा रिमवरून हात फिरवत होता आणि भाचा त्याला स्टान्स, ऑफसेट, ग्रिप असं काय काय सांगत होता. वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून टायरची भिंत अंगठ्यानं दाबली, ती दबली नाही. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, “साहेब, यात पुढं बसणं बरं की मागं?”

“पुढं,” मी म्हटलं. “आणि तो आता स्प्रिंगा फुकट देतो म्हणेल. घेऊ नका.”