मानपान राहिला असेल

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याला तानुममध्ये पाहायचं काय, तर कातळ. युनेस्कोने १९९४ साली तो जागतिक वारसा ठरवला, म्हणून भाच्याने गोथेनबर्गहून गाडी काढली आणि सासूबाईंनी दशम्या बांधल्या. सासरे राजापूरकडचे. कशेळीच्या सड्यावर अठरा मीटरचा हत्ती कोरलेला असताना इतक्या लांब कशाला, हा त्यांचा सवाल वाटभर चालू होता.

तिथला विटलिकेचा कातळ म्हणजे हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट. त्यावर कांस्ययुगातल्या माणसांनी दगडाने टोचून टोचून माणसं, जनावरं आणि मुख्य म्हणजे जहाजं काढलीत. आतला लाल रंग हल्लीचा. आमच्यासारख्यांना काहीतरी दिसावं म्हणून भरलेला. पण जहाजं एवढी आणि समुद्र कुठे? भाच्याने सांगितलं, हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन वर येतेय. तेव्हा पाणी पार जवळ होतं. सासऱ्यांना पटलं नाही. जमीन वर जात नाही, भाव जातो.

मग ते प्रसिद्ध जोडपं. दोघं एकमेकांना बिलगलेली आणि शेजारी कुऱ्हाड उगारलेला उंच पुरुष. कुणी म्हणतं, लग्नाला आशीर्वाद देणारा देव. कुणी म्हणतं, पुरोहित. सासूबाईंनी एका नजरेत निकाल दिला, "मुलीचा मामा."

"आणि कुऱ्हाड?"

"मानपान राहिला असेल."

हसण्यासारखं काही नाही. याच भागातल्या ब्रास्टाडची चित्रं १६२७ साली पेडर आल्फसन नावाच्या विद्वानाने कागदावर उतरवली आणि हा गवंड्यांचा रिकामपणचा उद्योग असल्याचं ठरवून टाकलं. तिथल्याच कुऱ्हाडवाल्या दांडग्या पुरुषाला लोक आजही 'मोची' म्हणतात. कुऱ्हाड त्यांना हातोडी वाटली. त्यापेक्षा आमचा मामा बरा.

शेवटी तानुममधलंच लिट्सलेबी. दोन मीटरहून उंच, हातात भाला घेतलेला देव. आता हे कोरणारे पुरुषाचं पुरुषपण दाखवताना हात आखडता घेत नसत, आणि दोन मीटरच्या देवाला सगळंच मापात द्यावं लागतं. भाचा मोबाइलमध्ये शिरला. सासऱ्यांना एकदम ढगांची चिंता लागली. सासूबाईंनी मात्र देवाला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"तीन हजार वर्षं असाच उभाय गं, एवढ्या थंडीत! रंगाला पैसे आहेत यांच्याकडे, त्यातच एक धोतर काढायला काय झालं होतं?"