पाय टेकत नाहीत तेव्हा काय करावे

ही मार्गदर्शिका चाळिशीनंतर कम्फर्ट झोनमधून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. इच्छा स्वतःचीच असावी अशी अट नाही. बायकोची, डॉक्टरांची किंवा ऑफिसने रविवारी हॉटेलात भरवलेल्या शिबिराची असली तरी चालेल. त्या शिबिरात तुम्हाला पडद्यावर तीन वर्तुळं दाखवली असतील. आतलं आरामाचं, मधलं शिकण्याचं, बाहेरचं घाबरगुंडीचं. वक्ता ‘बाहेर या, बाहेर या’ म्हणत असताना एसी चालू होता, खुर्च्या गुबगुबीत होत्या आणि दीड वाजता पनीर होतं.

हीच तीन वर्तुळं प्रत्यक्ष पाहायची असतील तर जवळच्या पोहण्याच्या तलावावर जावं. तिथे ती दोरीने आखलेली असतात. अलीकडे साडेतीन फूट, मग पाच फूट, आणि पलीकडे पाणी गडद दिसायला लागतं ते. म्हणून या मार्गदर्शिकेत आपण आत्मविकास वगैरे न करता फक्त पोहायला शिकणार आहोत. करता करता आत्मविकास झालाच, तर त्याची वेगळी फी नाही.

पूर्वतयारी

अर्ज, फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, कॉस्च्युम, टोपी, गॉगल. टोपी सर्वांना सक्तीची आहे. टक्कल असलेल्यांनी खिडकीपाशी हुज्जत घालू नये, रांग मोठी असते.

नवशिक्यांना वाटतं, धाडस पाण्यात सुरू होतं. ते कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतच्या वीसेक पावलांत होऊन जातं. ज्या माणसाच्या सहीशिवाय काल कोणाचं कर्ज मंजूर होत नव्हतं, तो आज घट्ट नायलॉनमध्ये, ओल्या फरशीवर, छातीशी टॉवेल धरून चालत असतो. पहिल्या दिवशी सगळेच पोट आत घेऊन चालतात. पाण्यात श्वास सोडावाच लागतो, त्यामुळे हे कष्ट फुकट जातात.

बॅचमध्ये सहा-सात वर्षांची मुलं असतील. ती तुम्हाला ‘काका’ म्हणतील आणि लगेच शिकवायला लागतील. त्यांचं ऐकावं. त्यांना अजून शिबिरात कोणी पाठवलेलं नाही.

पायरी पहिली: पाण्यात पडू नका

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ हे आपल्याला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना पोहता आलेलं होतं. ज्यांना आलं नाही त्यांचं मत घ्यायची सोय नाही.

प्रत्येक घरात विहिरीची एक गोष्ट असते. मामाने काठावरून ढकललं, दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि पोहायला लागलो. सांगणारा इथे थांबून आपल्याकडे बघतो. जरा खोदून विचारलं की कळतं, पाठीला वाळलेला भोपळा किंवा रॉकेलचा रिकामा डबा बांधलेला होता. आणखी विचारलं तर कमरेला दोर निघतो. दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात, आणि पायऱ्यांवर एक चुलतभाऊ लंगोट कसून बसलेला. वय वाढतं तसा गोष्टीतून आधी भोपळा गळतो, मग दोर, मग चुलतभाऊ. उरतो तो धक्का. नोकरी सोडून धंद्यात उडी घेतलेल्यांची आत्मचरित्रंही याच पद्धतीने लिहिली जातात. उडीचं वर्णन चार पानं असतं. वडिलांच्या नावावरचा दादरचा फ्लॅट कुठेच नसतो. तेव्हा कोणी ‘मारा उडी’ म्हटलं तर नम्रपणे विचारावं, “तुमचा भोपळा कुठे होता?”

इथे थोडं शास्त्र. १९०८ साली अमेरिकेत रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांना एक काळी आणि एक पांढरी पेटी दिली. काळ्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. झटक्याच्या जोराचा शिकण्याच्या वेगावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. दोन पेट्यांमधला फरक सहज दिसण्यासारखा होता तेव्हा झटका जितका मोठा तितका उंदीर लवकर शिकला. पण प्रकाश कमी-जास्त करून फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हा मोठ्या झटक्याने काम बिघडलं. हलक्या झटक्यावर उंदीर जास्त बरे शिकले. आत्मविकासाच्या भाषणांत या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग फार लोकप्रिय आहे. दुसऱ्या अर्ध्यात सांगितलंय की काम जितकं अवघड, तितकी भीती कमी लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकणं कुठल्या पेटीत मोडतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि आरामाच्या वर्तुळाला उठसूट नावं ठेवू नयेत. ‘कम्फर्ट झोन’ हा शब्द ऑफिसांमध्ये रुळवण्यात ज्युडिथ बार्डविक यांच्या १९९१ सालच्या ‘डेंजर इन द कम्फर्ट झोन’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. नोकरीची फार खात्री वाटली की माणसं सुस्तावतात, असा त्यातला सूर. ज्यांना पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नसते त्यांना हे पुस्तक कोणी भेट देत नाही. आपल्या आईवडिलांनी जन्मभर राबून आपल्याला साडेतीन फुटांत उभं केलं. तिथून जरा पुढे जाऊन यायचंय, ते बुजवायचं नाहीये. पट्टीचे पोहणारेही दम लागला की तिथेच येऊन उभे राहतात.

पायरी दुसरी: श्वास सोडा

या पायरीवर घाई करू नये.

दांडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. बस, एवढंच. मुलांना हा खेळ वाटतो. प्रौढ माणूस मात्र गालफडं फुगवून खाली जातो आणि श्वास गच्च धरून ठेवतो. आमच्या बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते पाण्यात तोंड घालत, मनात आकडे मोजत, आणि लालबुंद होऊन वर येत. शिकवणारे सर काठावर उकिडवे बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “काका, सोडा ना! धरून काय ठेवलंय? मुदत ठेव आहे का ती?” शेजारची फुग्याच्या बाह्या घातलेली मुलगी खाली गेली, तिचे बुडबुडे फसाफसा वर आले, मग ती आली आणि म्हणाली, “असं. आणि डोळे उघडे ठेवायचे, नाहीतर कंटाळा येतो.”

यामागचं कारण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. श्वास धरल्यावर जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. तो अजून बराच शिल्लक असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदू त्यावर बोंब ठोकतो. शिवाय पाण्यातच श्वास सोडला नाही, तर तोंड वर काढल्याच्या त्या निमिषात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. दोन्ही जमत नाही, पाणी आत जातं, आणि माणूस सरांना सांगतो की आपली फुप्फुसं लहान आहेत. फुप्फुसं भरलेली असतात, हीच अडचण आहे.

काकांना हे पटलं, पण पटल्यावरही कित्येक दिवस जमलं नाही. मग एका सकाळी ते कोणाशी तरी बोलत बोलतच खाली वाकले, मोजायचं विसरले, आणि बुडबुडे आले. वर येऊन त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघितलं नव्हतं. म्हणून त्यांनी ते पुन्हा केलं, जरा मोठ्याने.

पायरी तिसरी: काही करू नका

उताणं तरंगायचं. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांचं शरीर पाण्याहून किंचित हलकं होतं, त्यामुळे तरंगण्यासाठी खास कर्तबगारी लागत नाही. हवा छातीत आणि वजन कमरेखाली, म्हणून पाय जरा खाली झुकतात. ते झुकू द्यावेत. पण पाय झुकले की माणूस घाबरतो, काय चाललंय ते पाहायला मान उचलतो, आणि मान उचलली की पाय आणखी खाली जातात. मग तो मदतीसाठी हात वर करतो. आतापर्यंत पाण्याने पेललेलं हातांचं वजनही आता त्याच्यावरच येतं. सरांचं सगळं शिकवणं तीन शब्दांचं असतं: “कान पाण्यात ठेवा.” कान पाण्यात असले की सरांचं काहीच ऐकू येत नाही, हा या सूचनेचा आणखी एक फायदा.

पायरी चौथी: पाय मारणे

मारा. गुडघ्यातून नको, मांडीपासून.

पायरी पाचवी: दोरी

इथे लोक मुक्काम करतात. साडेतीन फुटांत आडवे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झकास पोहणारे कित्येक जण महिनोन्‌महिने दोरीपाशी वळून परत येतात. अंतर तेवढंच, पाणीही तेच. पलीकडे पाय टेकत नाहीत एवढाच फरक, आणि पोहताना पाय टेकायचेच नसतात. हे सगळं त्यांना माहीत असतं. माहीत असण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. इथे उपयोग होतो तो काठावर लांब बांबू घेऊन तुमच्या बरोबरीने चालणाऱ्या सरांचा. बांबू धरायचा नाही. तो हाताच्या अंतरावर राहतो.

याच टप्प्यावर घरची मंडळी प्रेरणा म्हणून मुरलीकांत पेटकरांवरचा सिनेमा दाखवतात. सिनेमा जरूर पाहावा, पण तुलना करू नये. सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि पोहणं त्यांच्या वाट्याला आलं ते उपचार म्हणून. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पाय टेकण्याचा आधार त्यांच्याकडून युद्धाने काढून घेतला होता, कुठल्या शिबिराने नव्हे. आपला तलाव आठ वाजता बंद होतो आणि आपण घरी जाऊन पोहे खातो. दोन्ही गोष्टी एका स्टेटसमध्ये टाकू नयेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाणी नाकात गेलं तर?
जाईल.

पोहायला आल्यावर ऑफिसात बॉससमोर बोलायचं धाडस येतं का?
बॉस तुमच्या बॅचमध्ये असेल आणि तुम्ही त्यांना टोपीत पाहिलं असेल, तर थोडं येतं.

शिबिरातल्या वक्त्यांना पोहता येतं का?
विचारायला हरकत नाही. जेवणाच्या सुट्टीत विचारावं.

हे सगळं करूनही नाहीच जमलं तर?
फी परत मिळत नाही. पावतीच्या मागे छापलेलं आहे.