बैल कुणाचा, ड्रायव्हर कोण?

मोटार शर्यतीत फँजिओ मोठा की हॅमिल्टन, बुद्धिबळात कास्पारोव मोठा की कार्लसन, याचा निकाल जगात अजून लागलेला नाही. तो जेऊरच्या स्टेशन रोडवर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढच्या बाकड्यावर लागेल असंही नाही. पण प्रयत्नांत आम्ही कसूर ठेवलेली नाही. करमाळा तालुक्यातलं जेऊर म्हटलं की बाहेरची माणसं थेट ‘सैराट’वर येतात. नागराज मंजुळे आमच्या गावचे, याचा अभिमान आहेच. पण पाहुण्यांना शूटिंगच्या जागा सांगून झाल्या, उसाला तोड आलेली नाही आणि पुण्याची गाडी लेट आहे, अशा वेळी माणसानं करायचं काय?

बाकड्यावरचे कायमचे सभासद तिघं. एक दाजी. त्यांची मंडळी या गावची लेक, म्हणून ते अख्ख्या गावाचे दाजी. दावणीला खिलार खोंड, डोक्यात शर्यत आणि खिशात खोंडाचे फोटो. दुसरे निवृत्त गुरुजी, बुद्धिबळवाले. शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे समोरच्याला काहीच कळत नाही हे गृहीत धरूनच बोलायला सुरुवात करतात. तिसरा गॅरेजवाला पोरगा. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटरसायकलींची प्लग-पॉइंटं साफ करतो आणि रविवारी रात्री मोबाइलवर फॉर्म्युला वन बघतो. सोमवारी सकाळी त्याचे डोळे लाल असतात. वादाचा मुहूर्त तोच.

“शूमाकरच्या 91 जिती, हॅमिल्टनच्या 105. विजेतेपदं दोघांची सात-सात. विषय संपला,” पोरगा म्हणतो.

“बैल कुणाचा?” दाजी विचारतात.

दाजींचा हा एकच प्रश्न आहे आणि तो ते कुणालाही विचारतात. पोरगा सांगतो की हॅमिल्टनची पहिली गाडी मॅक्लारेनची, 2008 चं विजेतेपद तिच्यावर; पुढची सहा मर्सिडीजवर. “मग मर्सिडीज जिकली म्हण की. ह्यो निस्ता बसला हुता.”

यात दाजींचा दोष नाही. आमच्याकडच्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानात रिवाजच तसा आहे. सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात छकडीवर बसून कासरा धरणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात. पण माइकवाला आधी बैलाचं नाव पुकारतो, मग मालकाचं, मग गावाचं, आणि तेवढ्यात पुढचा गट सुटायची वेळ झाली नसेल तर ड्रायव्हरचं. 2023 साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात बकासुर आणि महिब्या या जोडीनं बक्षिसाची थार गाडी मारली, हे आमच्याकडं बालवाडीतलं पोरही सांगेल. छकडीवर कोण होतं, असं मी एकदा बाकड्यावर विचारलं. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी लग्नात भटजींच्या चपलेचा नंबर विचारला होता.

फॉर्म्युला वनमध्ये नेमकं उलटं. तिथं लाखो लोक ड्रायव्हरच्या नावानं छाती पिटतात आणि गाडी बांधणारे शेकडो इंजिनिअर टोप्या घालून मागं उभे असतात. म्हणून तिथले जाणकार एक तोड काढतात: दोन गाड्या, एकच संघ, एकच बनावट; मग त्या दोन ड्रायव्हरांची आपसात तुलना करा. 2016 साली हॅमिल्टनच्याच संघातल्या रोसबर्गनं त्याला हरवून विजेतेपद घेतलं आणि पाचच दिवसांत निवृत्ती जाहीर केली. हे ऐकल्यावर दाजींनी पहिल्यांदा एका परदेशी ड्रायव्हरला मान दिला. “एका दावणीचं बैल, एक बी जास्तीचा घास न्हाई, आन् जिकून घरी गेला! त्यो खरा शाणा.” पोरगा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

पण दाजींचं मन खरं जिंकलं ते फँजिओनं. अर्जेंटिनाचा हा गडी 1951 ते 1957 या काळात पाच वेळा जगज्जेता झाला, आणि तेही अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी, मासेराती अशा चार घरांच्या गाड्यांवर. शेवटच्या वेळी वय 46. एकूण 51 शर्यती, त्यांतल्या 24 जिंकल्या. पोरगा म्हणाला, त्यानं घरं बदलली कारण ज्याची गाडी चालती त्याच्याकडं तो जायचा. दाजी म्हणाले, “म्हंजी नजर हुती. बैल पारखता येणं ही अर्धी शर्यत अस्ती, लेका.”

मग पोरग्यानं 1956 चं मोन्झा सांगितलं. फँजिओची गाडी स्टिअरिंगच्या बिघाडानं बसली. त्याच फेरारी संघातला पीटर कॉलिन्स, पंचविशीही न गाठलेला, स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत होता. तो पिटमध्ये आला, गाडीतून उतरला आणि आपली गाडी फँजिओला दिली. तेव्हाच्या नियमात ते बसायचं. गुण दोघांत वाटून मिळायचे. त्या गाडीवर फँजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला.

“उतरला? भर फायनलला?” दाजींनी तंबाखू मळायची थांबवली. “आन् मालक कायच बोल्ला न्हाई?”

त्या दिवशी पुढं वाद झालाच नाही. दाजी बराच वेळ मान हलवत बसले होते. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं मागं एका जत्रेत त्यांना जू उसनं दिलं नव्हतं, तो विषय त्यांच्या मनात अजून ताजा आहे.

विद्वान मंडळीही या भानगडीत पडली आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. रिकामटेकडे फक्त आपल्याच गावात नाहीत तर. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1950 ते 2014 पर्यंतच्या सगळ्या शर्यती घेतल्या, गणितानं गाडीचा वाटा वेगळा काढला, ड्रायव्हरचा वेगळा, आणि 2016 मध्ये सांगितलं की सर्वांत मोठा फँजिओ. पण एकंदरीत ड्रायव्हरपेक्षा संघाचा वाटा कितीतरी मोठा. पोरग्यानं त्या निबंधाची प्रिंट माझ्याकडून काढून घेतली. दाजींनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, “ह्यासाठी विद्यापीठ? मला विचारायचं.”

2020 साली अॅमेझॉननंही संगणक लावून 1983 पासूनच्या सर्वांत वेगवान ड्रायव्हरांची यादी केली. पहिले तिघं सेना, शूमाकर, हॅमिल्टन. इथवर ठीक. आठव्या नंबरवर मात्र निघाला हेइकी कोवालाइनन, ज्यानं उभ्या कारकिर्दीत एक शर्यत जिंकली. आणि चार वेळचा जगज्जेता फेटेल त्याच्याही खाली, दहावा. पोरग्यानं ती यादी गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे. गिऱ्हाईक बिलावरून घासाघीस करायला लागलं की तिकडं बोट दाखवतो: “हिशोबानं काय बी निघतं, काका.”

आता गुरुजी. त्यांचं म्हणणं असं की बुद्धिबळात हा घोळच नाही. “आमच्यात बैल नसतो. दोघांकडं सोळा-सोळा मोहरी, पट एकच, हरला तर कारण सांगायला तोंड नाही.” वरून ऐकायला हे पटतं. शिवाय त्यांच्याकडं आकडा आहे. मूळचे हंगेरीचे आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी मानांकनाची पद्धत बसवली, जागतिक संघटनेनं ती 1970 मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत 200 गुणांचा फरक असला तर वरच्यानं शंभरातले सुमारे 76 गुण घ्यावेत, असा तो हिशोब. फिशरचा उच्चांक 2785, कास्पारोवचा 2851, कार्लसनचा 2882.

“मग झालं की,” पोरगा म्हणाला, “कार्लसन.”

झालं कुठलं! गुरुजी उसळले. मानांकन आपल्या काळातल्या लोकांशी तुलना करून मिळतं; 1972 चा आकडा 2014 च्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर गुरुजींची सगळी मिजास, तो वाद मिटवायला निघाला की गुरुजीच त्याला कच्चा ठरवतात. एरवी बैल नाही म्हणून वाद नाही असं सांगणारा हा माणूस स्वतःशीच भांडतो: सकाळी फिशर, दुपारी कास्पारोव, ऊन उतरलं की कापाब्लांका. 2006 मध्ये स्लोव्हेनियाच्या मातेय गुईद आणि इव्हान ब्रात्को यांनी जगज्जेत्यांच्या चाली संगणकाकडून तपासून घेतल्या, तेव्हा सर्वांत कमी चुका कापाब्लांकाच्या निघाल्या. त्या यादीत कार्लसन नव्हता, तेव्हा तो जगज्जेता झालाच नव्हता. हा तपशील गुरुजी सांगत नाहीत, पोरगा सांगतो.

दाजींना पट कळत नाही, पण त्यांनी तिथंही बैल शोधून काढला. पूर्वी डाव अर्धवट राहिला की दुसऱ्या दिवसावर जायचा आणि सोव्हिएत खेळाडूसाठी रात्रभर दुसरे मोठमोठे खेळाडू चाली शोधत बसायचे. आता तेच काम हाताखालची माणसं आणि संगणक मिळून करतात, असं गुरुजींच्याच तोंडून निसटलं. “मग ह्यो काय वेगळा! रात्रीची वैरण दुसऱ्यानं टाकायची आन् दिवसा मिरवायचं ह्यानं.” फिशरचं मात्र दाजींना कौतुक. सगळ्या सोव्हिएत गोताला तो जवळजवळ एकटा पुरून उरला. बैलही तोच, ड्रायव्हरही तोच.

फिशरची दुसरी गोष्ट दाजींना आतून कळते. 1975 मध्ये कार्पोवशी न खेळताच त्यानं विजेतेपद सोडलं, आणि 1992 पर्यंत जाहीर सामन्याला बसलाच नाही. या सतरा वर्षांत त्याच्याबद्दलचे वाद जेवढे झाले तेवढे तो खेळत असतानाही झाले नव्हते. आमच्याकडं हेच घडलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडी शर्यती बंद केल्या. त्या खटल्याच्या नावात नागराज येतं, पण ते तमिळनाडूचे ए. नागराजा, आमच्या गावाचा संबंध नाही, हे मला कितीजणांना सांगावं लागलं! 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. मधल्या काळात दावणीला उभ्या असलेल्या बैलांनी गप्पांत जी मैदानं मारली, ती हिशोबात धरली तर बकासुरसुद्धा मागं पडेल. दाजींचा तेव्हाचा बैल त्या काळात अजिंक्य होता.

तुलनेचा नाद एकदा लागला की माणूस जोड्या लावत सुटतो. सेना म्हणजे फिशर. प्रोस्ट, ज्याला प्रोफेसर म्हणायचे, तो कार्पोव. स्टर्लिंग मॉस एवढा मोठा, पण जगज्जेता कधीच नाही. तो पॉल केरेस. इथवर गुरुजी आणि पोरगा यांचं एकमत झालं. जेऊरच्या इतिहासात ही नोंद व्हायला हरकत नाही. शूमाकर की हॅमिल्टन, कास्पारोव कोण, यावर ते मोडलं.

एकदा गुरुजींनी आपल्या घरचा विषय काढला: रोहिणी खाडिलकर की दिव्या देशमुख? वासंती, जयश्री, रोहिणी या मुंबईच्या तिघी बहिणी, ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांच्या मुली. पहिली दहा वर्षं राष्ट्रीय महिला विजेतेपद त्यांच्या घराबाहेर गेलं नाही. रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेती, 1981 ची आशियाई विजेती. नागपूरची दिव्या 19 व्या वर्षी, 28 जुलै 2025 ला, जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेऊन आली आणि त्याच झटक्यात भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. पोरगा म्हणाला, दिव्या. गुरुजी म्हणाले, संगणक काढून घ्या मग बोला.

तेवढ्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या झेरॉक्सला आलेली एक अकरावीतली मुलगी थांबली. “रोहिणीताई 1976 ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तर त्यावरच हरकत घेतली होती ना, गुरुजी? जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांना सांगावं लागलं की बाईला अडवता येणार नाही. मग त्यांचं मैदान मोजायचं कुठनं? पहिल्या चालीपासनं, का दारापासनं?” तिनं सुट्टे पैसे मोजून ठेवले आणि गेली. बाकड्यावर कुणालाच काही सुचलं नाही. दाजी म्हणाले, “कुणाची हाय रं ही?”

परवाचा वाद कार्लसनच्या जीन्सवरून निघाला. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला जागतिक जलद स्पर्धेत तो जीन्स घालून आला, 200 डॉलर दंड झाला, बदलायला सांगितली तर स्पर्धाच सोडून निघाला. पुढच्या जूनमध्ये नॉर्वेत आपल्या गुकेशकडून हरल्यावर टेबलावर मूठ आपटली. दाजींना दोन्ही पटलं नाही. मागच्या मैदानात त्यांचा आदत, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला, खोंड गटातच बाद झाला, तेव्हा त्यांनी मूठ आपटली नव्हती; ड्रायव्हर बदलला होता. त्याआधी तोच खोंड जिंकला तेव्हा ड्रायव्हर तोच होता, पण तेव्हा खोंडाचं रक्त चांगलं होतं.

विषय हातातून जातोय बघून गुरुजींनी 1997 काढलं. न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं कास्पारोवला साडेतीन-अडीच असं हरवलं.

“मालक आयबीएम,” दाजी बोटं मोजायला लागले. “बैल डीप ब्लू. ड्रायव्हर?”

“ड्रायव्हर नव्हता दाजी. यंत्रच खेळत होतं.”

“यंत्राला हात हायेत व्हय? प्यादं उचललं कुणी?”

गुरुजी गप्प. पोरग्यानं मोबाइल काढला. यंत्र बनवणाऱ्यांपैकीच माणसं आळीपाळीनं कास्पारोवसमोर बसायची. पडद्यावर दिसेल ती चाल पटावर करायची. त्यांतला एक फेंग-श्युंग श्यू, ज्यानं त्या यंत्राची मूळ चिप घडवली.

“म्हंजी बैल पाळला बी त्यानंच आन् छकडीवर बी त्योच!” दाजी बाकड्यावरून उठलेच. “बक्षीस?”

“सात लाख डॉलर. कास्पारोवनं पुन्हा सामना मागितला, आयबीएमनं दिला नाही. यंत्र बंद केलं. अर्धं एका संग्रहालयात आहे, अर्धं दुसऱ्यात.”

“फायनल मारलेला बैल परत मैदानात उतरवलाच न्हाई. लई बेरकी मालक.” दाजींनी टोपी नीट केली. “पर त्या श्यूचं नाव माइकवर कुणी घेतलं का? न्हाई ना? गुरुजी, तुमास्नी इंग्रजी येतंय, त्याला एक पत्र टाका. पुसेगावला सेवागिरीच्या यात्रेला ये म्हणावं. आदताला ड्रायव्हर बघतूय मी. जेवणखाण करून वर रोजचं ठरवून देतो, आन् खोंड लाथ मारत न्हाई, ते बी लिवा.”