राजमान्य राजश्री कोलाजेनराव यांसी

मुक्काम : स्वयंपाकघरातील वरचे फडताळ, हळदीच्या डब्याशेजारी.

सा. न. वि. वि.

गेले तीन महिने रोज प्रातःकाळी आपले १० ग्रॅमांचे माप कोमट पाण्यात ढवळून, तळाशी दडून बसलेली चिकट गुठळी चमच्याने चिरडून, श्रद्धापूर्वक प्राशन करणाऱ्या, आणि तरीही ज्याच्या कमरेभोवतीची मोजपट्टी ९८ सेंटिमीटरांवरून तसूभरही मागे सरकलेली नाही (भारतीय पुरुषाने ९० च्या आत राहावे, असा वैद्यकाचा दंडक आहे), अशा या अर्जदाराची कैफियत आपण कृपावंत होऊन ऐकावी.

डब्यावरील जाहीरनाम्याप्रमाणे त्वचा, केस आणि सांधे हे तीन महाल आपल्या अमलाखाली होतेच. अलीकडे चयापचयाची सनदही आपण मिळवली म्हणे. घराण्याचे दप्तर चाळता मात्र गुरांची कातडी नि माशांची खवले उकळून निघणारे जिलेटिन हे आपले सख्खे वडीलबंधू ठरतात. हाडांतून काढलेले त्यांचे सत्त्व गोरगरिबांना पाजून पोसण्याचा घाट एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घातला गेला, तेव्हा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी यांच्या समितीने १८४१ साली निवाडा दिला, की निव्वळ जिलेटिनवर कुत्रीसुद्धा तगत नाहीत. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल आपल्या खजिन्यात औषधालाही नाही, हे मर्म पुढे कळले.

शिवाय जठर आणि लहान आतडे ही जकातनाकी मोठी खाष्ट. तेथे आपला हुद्दा न विचारता आपले तुकडे होतात, काही सुटी अमिनो आम्ले, काही दोन-तीन कड्यांचे पेप्टाइड. मग ‘हा माल गुडघ्यास रवाना व्हावा, तो कमरेवर वसुलीस जावा’ असा हुकूम काढण्याचा अखत्यार आपल्यापाशी उरतो कोठे? प्रथिनाने भूक किंचित मंदावते, हे कबूल. पण ते पुण्य वाटीभर मटकीच्या उसळीच्या पदरीही आहे, आणि तिच्यात ट्रिप्टोफॅनही आहे.

आपला खरा प्रतिवादी निराळाच. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील स्थूल माणसांची अमेरिकेतील जी मोठी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तीत वजन ७ टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्यास १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम करण्याचे उद्दिष्ट ज्यांच्यापुढे ठेवले, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. या गृहस्थास डबा नाही, झाकण नाही, जाहिरात तर नाहीच.

एक उपकार मात्र नाकबूल करवत नाही : फडताळ उंच असल्याने आपल्या दर्शनास्तव मला रोज स्टुलावर चढावे नि उतरावे लागे. आता चूर्ण संपत आले असून, सौभाग्यवतींनी रिकाम्या डब्यात चिंच भरण्याचे मुक्रर केले आहे. झाकण उत्तम बसते, एवढी ग्वाही मी देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कृतज्ञ गिऱ्हाईक